सरकपट्टीपासून संगणकापर्यंत : कळमेश्वर परिसरातील पदवीशिक्षणाची हकीकत



गतवर्षीच्या गुणगौरव समारंभाच्या दिवशी घडलेला एक लहानसा प्रसंग प्रस्तुत लेखास कारण झाला आहे. मोहप्याकडील एका शेतकरी कुटुंबातील मुलीस बारावीच्या परीक्षेनंतर नागपुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्र या शाखेत प्रवेश मिळाला होता. तिचा अर्ज मंडळाच्या शिष्यवृत्ती-समितीपुढे आला. अर्जात तिने दोनच गोष्टी मागितल्या होत्या : जाण्यायेण्याचा खर्च आणि एक लॅपटॉप. समितीत दोन तट पडले. एका सभासदांचे म्हणणे असे की, मुलींची फी आता सरकारच भरते, मग मंडळाने आणखी काय करावे? दुसरे म्हणाले की, त्या एका यंत्राच्या किमतीत पंधरा-वीस मुलांना वर्षभराच्या वह्या-पुस्तके देता येतील. हे बोलणे चालू असता मुलीचे वडील दाराशी उभे होते. सभा उठल्यावर त्यांनी मला बाजूस घेऊन विचारले, “गुरुजी, आमच्या गावचा पोरगा तीन महिन्यांत कॉम्प्युटर शिकून आला. मग हे चार वर्षं शिकवतात तरी काय?”

तीस वर्षांहून अधिक काळ मी शाळेत गणित शिकविले. तथापि त्या दिवशी मला त्यांचे समाधान करता आले नाही. मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि वेळ निभावून नेली. ती टोचणी मनात राहिली. स्मरणिकेच्या संपादक-मंडळाने लेख मागितला, तेव्हा त्याच प्रश्नाचे सविस्तर उत्तर लिहावे असे ठरविले. मात्र हे उत्तर देण्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे. आपल्या भागातील मुलाला वा मुलीला गणितविद्येची पदवी मिळणे हीच गोष्ट किती अलीकडची आहे आणि ती कोणाच्या पैशावर उभी राहिली, हे ध्यानात घेतल्यावाचून समितीतील तो वाद नीट समजत नाही.

प्रारंभ दूरच्या एका उदाहरणाने करतो. चाळीसगावाजवळ पाटणे म्हणून एक गाव आहे. तेथील देवालयात तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख सापडला, डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो गेल्याच्या मागील शतकात विद्वानांच्या नजरेस आणला. ‘लीलावती’कार भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून तेथे मठ स्थापन केला आणि त्या मठास स्थानिक अधिपतींनी दान दिले, असे त्यात नमूद आहे. लेखाचा काही भाग संस्कृतात व काही मराठीत आहे. मराठी भागात दानाचा तपशील येतो. बाजारातील व्यवहारातून काही अंश, तेलाच्या घाण्यातून काही तेल, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे गणित शिकविण्याचा खर्च राजाच्या खजिन्यातूनच नव्हे, तर गावच्या घाण्यातून आणि पेठेतूनही निघत होता. यावरून आपल्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता, असे विधान करण्याचा मोह काही वक्त्यांना होतो. मला तो मोह नाही. एवढेच दाखवावयाचे की, विद्येसाठी वर्गणी ही आपल्या मंडळाने काढलेली नवी टूम नव्हे.

आता नागपुराकडे वळू. नागपुरात हिस्लॉप कॉलेज १८८३ साली व मॉरिस कॉलेज १८८५ साली निघाले. परंतु स्वतःचे विद्यापीठ नसल्याने येथील विद्यार्थी आधी कलकत्ता व नंतर अलाहाबाद विद्यापीठाच्या परीक्षा देत. नागपूर विद्यापीठाची स्थापना ४ ऑगस्ट १९२३ रोजी झाली. सर बिपिन कृष्ण बोस हे पहिले कुलगुरू. (याच विद्यापीठास २००५ साली राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव देण्यात आले.) नागपूर-इटारसी रेल्वेमार्ग त्याच दशकात पुरा झाला व कळमेश्वरास त्या मार्गावरचे स्थानक लाभले. विद्यापीठ आणि आगगाडी ही दोन्ही एकाच सुमारास दाराशी आली, हा आमच्या गावच्या इतिहासातील मोठा योग मानावयास हवा. त्यापूर्वी ज्यास शिकावयाचे, त्याने नागपुरात कोणा आप्ताच्या घरी राहावे, वार लावून जेवावे, ही रीत होती. ज्ञातीच्या वसतिगृहांचे महत्त्व याच काळात आपल्या जाणत्या मंडळींना उमगले.

अभियांत्रिकीची वाट याहून अवघड होती. नागपुरात अभियांत्रिकीची शाळा १९१४ पासून होती, परंतु ती पदविकेपुरती. कामठीचे मॅंगेनीज-व्यापारी रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी १९३० साली मृत्युपत्राने आपल्या संपत्तीतील पस्तीस लाखांहून अधिक रुपये विज्ञान व तंत्रशिक्षणासाठी नागपूर विद्यापीठास दिले. त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. एका व्यापाऱ्याच्या दानावर प्रांतातील तंत्रशिक्षणाचा पाया घातला गेला, ही गोष्ट आमच्या समितीतील सभासदांनी वरचेवर आठवावी अशी माझी विनंती आहे. तथापि ती संस्था मुख्यतः रसायन-तंत्राची. स्थापत्य, यंत्र किंवा विद्युत् या विषयांत पदवी हवी असेल तर पुणे, मुंबई, बनारस येथे, आणि १९४७ नंतर जबलपुरास जावे लागे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जबलपूर मध्य प्रदेशात राहिले व विदर्भ मुंबई राज्यात आला. त्याच वर्षी नागपुरात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले आणि १९६० साली ते विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात विलीन झाले. जुने लोक त्यास अजून ‘व्हीआरसीई’ म्हणतात. २००२ पासून त्याचे नाव विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था असे आहे.

याच महाविद्यालयातून १९६५ साली एक तरुण पदवी घेऊन बाहेर पडला. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर तालुक्यात मुरंबा हे त्याचे गाव. डॉ. विजय पांडुरंग भटकर हे नाव आज सर्वतोमुखी आहे. परंतु ते नागपुरात शिकत होते तेव्हा संगणकाची पदवी नागपुरातच काय, साऱ्या भारतात कोठेही नव्हती. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठानेसुद्धा या विषयाचा स्वतंत्र विभाग १९६२ सालीच काढलेला होता. त्या पिढीच्या अभियांत्रिकी विद्यार्थ्याचे गणनसाधन म्हणजे सरकपट्टी. हस्तिदंती रंगाची ती पट्टी कातडी म्यानात घालून खांद्यास अडकविली की, गावात पोरगा इंजिनिअर होणार हे सांगावे लागत नसे. पुढे बडोद्यास व दिल्लीस उच्च शिक्षण घेऊन भटकर यांनी १९७२ साली दिल्लीच्या आय.आय.टी.तून पीएच.डी. मिळविली. अमेरिकेने भारताला बलाढ्य महासंगणक देण्यास नकार दिल्यावर १९८८ साली पुण्यात ‘सी-डॅक’ ही संस्था स्थापन झाली. तिचे धुरीणत्व भटकरांकडे आले आणि १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. वऱ्हाडातील खेड्यात जन्मलेल्या व नागपुरात सरकपट्टीवर शिकलेल्या माणसाने हे केले, याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र त्यातील एक गोष्ट अभिमानाच्या भरात निसटते. त्यांना नागपुराने संगणक शिकविला नव्हता. गणित व विद्युत्शास्त्र पक्के करून दिले होते.

तोवर देशात संगणक नव्हते असे मात्र नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रा. आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण मंडळींनी स्वतःच्या हातांनी संगणक जुळविला. तो १९६० साली चालू झाला आणि १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नलिका होत्या. त्याची स्मृती अवघ्या २,०४८ शब्दांची, म्हणजे आपल्या या स्मरणिकेतील एक लेख ठेवण्याइतकी. कानपूरच्या आय.आय.टी.त १९६३ साली आय.बी.एम. १६२० हे यंत्र आले. तेथे देशभरच्या प्राध्यापकांना संगणकाचे वर्ग देण्यात आले आणि तेथूनच हा विषय भारतीय महाविद्यालयांत पसरला. पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी संगणकशास्त्राची स्वतंत्र शाखा मात्र कानपुरातही त्या पुढच्या दशकाच्या अखेरीस निघाली.

त्या काळी आज्ञावली लिहिणे म्हणजे काय सोहळा असे, ते आजच्या मुलांना सांगितल्यास हसू येते. आधी कागदावर आज्ञा लिहावयाच्या. मग एकेका ओळीसाठी ऐंशी रकान्यांचे एकेक कार्ड छिद्रित करावयाचे. गठ्ठा दोरीने बांधून संगणककेंद्राच्या खिडकीत द्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशी छापील कागद आणावयास जावयाचे. एक स्वल्पविराम चुकला की सारा दिवस फुकट. मी स्वतः १९७० नंतरच्या दशकात नागपुरात बी.एस्सी. करीत होतो. संख्याशास्त्राच्या प्रात्यक्षिकात आम्हांस हाताने दांडा फिरविण्याचे ‘फॅसिट’ यंत्र मिळे. वर्गातील पंधरा यंत्रे एकदम फिरू लागली की पिठाच्या गिरणीत बसल्याचा भास होई. संगणक मी चित्रातच पाहिला.

समाजाची वृत्तीही त्या वेळी निराळी होती. आयुर्विमा महामंडळाने संगणक आणावयाचे ठरविले तेव्हा १९६५ नंतर कर्मचारी संघटनांनी मोठा विरोध केला. एका यंत्राने शंभर कारकून घरी बसतील, ही भीती. स्वयंचलनाच्या प्रश्नावर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्याकडे होते व तिचा अहवाल १९७२ साली आला. कारकुनी ही ज्या पिढीची सर्वांत मोठी आकांक्षा होती, तिला या यंत्राची धास्ती वाटावी यात नवल नाही. माझ्या वडिलांनीच मला सांगितले होते की, त्या यंत्राच्या नादी लागू नकोस, बी.एड. कर. मी केले. त्याचा पश्चात्ताप होतो असे नाही. परंतु कधीकधी वाटते.

खरा पालट १९८३-८४ मध्ये झाला. दोन निर्णय लागोपाठ आले. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या कारकिर्दीत १९८३ साली महाराष्ट्रात विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालये काढण्यास परवानगी मिळाली. आणि नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने नवे संगणक धोरण जाहीर करून आयातीवरील बंधने सैल केली. पहिल्याने जागा निर्माण झाल्या, दुसऱ्याने यंत्रे. नागपुरात १९८४ साली काटोल मार्गावर रामदेवबाबा महाविद्यालय व वानाडोंगरीस यशवंतराव चव्हाण महाविद्यालय निघाले. १९८५ साली रामटेकास कविकुलगुरूंच्या नावाची संस्था आली. नागपूर विद्यापीठाच्या कक्षेत ‘कॉम्प्युटर टेक्नॉलॉजी’ या काहीशा वेगळ्या नावाची शाखाही रुजली. इतर विद्यापीठांतील लोक अजून विचारतात की, ‘सायन्स’ आणि ‘टेक्नॉलॉजी’त भेद काय? भेद फारसा नाही. नाव आमच्याकडचे, एवढेच. आमच्या कळमेश्वराच्या दृष्टीने काटोल मार्गावरचे महाविद्यालय म्हणजे बसने जाऊन संध्याकाळी घरी परतता येईल असे ठिकाण. वसतिगृहावाचून अभियंता होता येईल, ही कल्पनाच येथे पूर्वी कोणी केली नव्हती.

या पालटाची दुसरी बाजू सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. विनाअनुदान म्हणजे खर्च पालकांनी सोसावयाचा, आणि त्या खर्चाच्या आडून देणगी नावाचा व्यवहार वाढला. माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा गणितात हुशार होता. पण बारावीत चार गुण कमी पडले. एका महाविद्यालयात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) जी रक्कम सांगण्यात आली, ती ऐकून बंधू उठून आले. त्यांनी पुढच्या वर्षीचा मृगबहार व्यापाऱ्यास झाडावरच विकला, उरलेले आप्तांकडून उसने घेतले आणि पैसे भरले. त्या वर्षी बहार चांगला आला. नफा व्यापाऱ्याचा झाला. मुलगा पदवीधर झाला हे खरे, परंतु त्याच्या धाकट्या बहिणीस बारावीनंतर पुढे शिकविणे बंधूंना जमले नाही. ती आज काही बोलत नाही. मात्र एकाच्या पदवीची किंमत घरात दुसऱ्याच कोणी दिली, हे आमच्या घराचेच नव्हे, समाजातील अनेक घरांचे वृत्त आहे.

सर्वोच्च न्यायालयाने १९९२ साली मोहिनी जैन खटल्यात अशा देणग्या बेकायदेशीर ठरविल्या. १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालाने निम्म्या जागा गुणवत्तेवर अल्प फीत व निम्म्या अधिक फीत, अशी योजना आली. २००२ च्या टी.एम.ए. पै निकालाने ती मोडली व फी ठरविण्यासाठी समित्या आल्या. महाराष्ट्राने २०१५ साली प्रवेश व शुल्क यांच्या नियमनाचा कायदाच केला. ही न्यायालयीन परंपरा सामान्य पालकास रुक्ष वाटेल. परंतु मोहप्याकडील त्या मुलीला एक पैसाही देणगी न देता, घरबसल्या अर्ज भरून, गुणानुक्रमाने जागा मिळाली, तिच्यामागे हे सारे खटले उभे आहेत.

संगणकाच्या पुस्तकांविषयी एक गोष्ट नागपूरकरांनी अभिमानाने सांगावी अशी आहे. ‘सी’ ही संगणकभाषा अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास रचली. ती भारतातील लक्षावधी विद्यार्थ्यांना सोप्या शब्दांत शिकविली ती नागपुरातील श्री. यशवंत कानेटकर यांनी. मुंबईच्या व्ही.जे.टी.आय. येथे यंत्र-अभियांत्रिकी व कानपुरास उच्च शिक्षण घेऊन ते नागपुरात परतले, वर्ग काढले आणि ‘लेट अस सी’ हे पुस्तक लिहिले. केरळातला विद्यार्थीही ते वाचतो आणि पंजाबातलाही. ते नागपुरात बसून लिहिले गेले, हे पुष्कळांच्या गावी नसते. त्या पुस्तकाची झिजलेली प्रत माझ्या पुतण्याजवळही होती. त्याच्यानंतर ती वसतिगृहात सहा जणांच्या हातांतून गेली व शेवटी पहिली चाळीस पाने हरवून परत आली.

आता मूळ प्रश्नाकडे येतो : तीन महिन्यांत शिकतात ते काय आणि चार वर्षांत शिकतात ते काय?

महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ साली झाली व तिच्या ‘एमएस-सीआयटी’ वर्गांनी खेडोपाडी लोकांचे संगणकभय घालविले. हे कार्य मोठे आहे. शासकीय नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागते म्हणून का होईना, आमच्या भागातील शेकडो मुले-मुली यंत्रासमोर बसली. त्याआधी १९८० च्या दशकापासून ‘एनआयआयटी’, ‘ॲपटेक’ यांसारख्या खाजगी वर्गांनीही शहरांत हेच केले होते. परंतु हे शिक्षण यंत्र वापरण्याचे. बैलगाडी हाकणे आणि गाडी घडविणे यांत जे अंतर, तेच येथे आहे. सुताराला लाकडाचा पोत, चाकाचा परीघ, आसाचा ताण कळावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. आपल्या वसतिगृहाच्या नोंदवहीत आजवरच्या हजार विद्यार्थ्यांची नावे आहेत असे समजा, आणि ती कशीही, आली तशी लिहिलेली आहेत. एखादे नाव शोधावयाचे तर हजार ओळी चाळाव्या लागतील. नावे अकारविल्हे लावलेली असतील, तर मधले पान उघडावे; नाव त्याच्या पुढे की मागे ते पाहावे; निम्मी वही सोडून द्यावी; उरलेल्या निम्म्याचे पुन्हा मध्य काढावे. अशा रीतीने दहा पावलांत नाव हाती लागते, कारण दोनाचा दहावा घात १,०२४ होतो. नावे दहा लाख असली तरी पावले वीसच. आता ती हजार नावे अकारविल्हे लावावयाची कशी? प्रत्येक नाव इतर प्रत्येकाशी ताडून पाहिले, तर जवळजवळ पाच लाख तुलना होतात. तेच काम आधी लहान याद्या लावून मग दोन-दोन याद्या एकत्र करीत गेले, तर सुमारे दहा हजार तुलनांत उरकते. यंत्र तेच, नावे तीच. रीत बदलली की काम पन्नास पटींनी हलके होते. या रीतींचा अभ्यास म्हणजे संगणकशास्त्राचा गाभा. यंत्र कोणते, हा त्यापुढे गौण प्रश्न आहे. ग्वाल्हेरात जन्मलेले व मुंबईच्या आय.आय.टी.त शिकलेले श्री. नरेंद्र करमरकर यांनी १९८४ साली बेल प्रयोगशाळेत अशीच एक रीत शोधली. मर्यादित साधने कशी वाटली असता लाभ अधिकतम होईल, या प्रकारच्या प्रचंड गणितांना ती लागू पडते, आणि तिने जगभर खळबळ उडविली.

म्हणून चार वर्षांत तर्कगणित येते, विद्युत्मंडले येतात, यंत्राच्या आत आकडे कसे साठतात ते येते, एकाच वेळी दहा कामे करणाऱ्या यंत्रात कामांची पाळी कोण लावतो ते येते, माहितीची कोठारे येतात, एक भाषा दुसऱ्या भाषेत उतरविणारी आज्ञावली कशी रचावी ते येते. ॲलन ट्युरिंग या इंग्रज गणितज्ञाने १९३६ साली, म्हणजे आजच्यासारखा एकही संगणक जगात नसताना, काही प्रश्न असे आहेत की कोणतेही यंत्र ते कधीही सोडवू शकणार नाही, हे सिद्ध करून ठेवले. तेही या विद्यार्थ्यांना शिकावे लागते. तो सिद्धांत मी साठीनंतर पुतण्याच्या पुस्तकातून वाचला. गणिताच्या शिक्षकाला उतारवयात एवढा आनंद क्वचित मिळतो.

शिकविले जाते म्हणून ते शिकले जाते, असे मात्र नव्हे. एका यंत्राभोवती चार विद्यार्थी, त्यांतील एकाच्या हाती कळफलक आणि तिघे वहीत उतरवून घेणारे, असा प्रकार एके काळी काही ठिकाणी चाले. पुतण्याने तो अनुभवला. खेड्यातून आलेला मुलगा त्या तिघांत असे. त्याच सुमारास आमच्या भागातील शाळांत आलेली यंत्रे कापडाखाली झाकलेली असत, कारण भारनियमनात दिवसाचा वीजपुरवठा केव्हा येईल याचा भरवसा नव्हता. यंत्र घरी असणे किंवा नसणे यावर पदवीचा अर्थ बदलतो, हे मला तेव्हा प्रथम कळले. समितीतील वादात लॅपटॉपच्या बाजूने मी मत दिले ते याच कारणाने. वही-पुस्तक हे जसे कलाशाखेच्या विद्यार्थ्याचे, तसे हे या विद्यार्थ्याचे.

दुसरी अडचण भाषेची. बारावीपर्यंत मराठीत विचार केलेल्या मुलावर पहिल्याच सत्रात इंग्रजी कोसळते. संगणकाला मराठी अक्षरे लिहिता यावीत यासाठी आपल्या लोकांनी पूर्वीच कष्ट घेतले आहेत. श्री. मोहन तांबे यांनी कानपुरात आरंभलेले व पुढे ‘सी-डॅक’मध्ये विस्तारलेले काम, आणि १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी ठरलेले राष्ट्रीय मानक, यांच्या पायावर आज आपण भ्रमणध्वनीवर मराठी लिहितो. परंतु संगणकाला मराठी आली तरी संगणकाच्या वर्गाला मराठी यावयाची राहिली. २०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेच्या परवानगीने पिंपरी-चिंचवड येथे संगणक अभियांत्रिकीचा मराठी माध्यमाचा वर्ग निघाला. या प्रयोगाविषयी माझे मत पूर्ण अनुकूल नाही. पहिली दोन वर्षे समजावून मराठीत सांगावे, परिभाषा इंग्रजी ठेवावी व विद्यार्थ्यास हळूहळू पलीकडे न्यावे, ही शिक्षकाची मधली वाट मला अधिक पसंत आहे. मतभेदास जागा आहे.

मुलींसंबंधी दोन शब्द. महर्षी कर्वे यांच्या संस्थेने २०१० साली नागपुरास हिंगणा भागात मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. महाराष्ट्र शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या मागास व आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केले. तत्पूर्वी सवलत निम्म्याची होती. बंधूंच्या घरी जी निवड करावी लागली, ती आता निदान फीसाठी तरी कोणास करावी लागू नये. बस, जेवण, यंत्र यांचा खर्च उरतो, आणि त्या उरलेल्या खर्चापायीच मुलीचे शिक्षण थांबते, हे समितीत बसणाऱ्यांना सांगावयास नको.

मुलीच्या वडिलांचा आणखी एक प्रश्न होता, तो त्यांनी निघताना विचारला. “आता म्हणे कॉम्प्युटरच प्रोग्राम लिहितो. मग पोरीला नोकरी राहील का?” प्रश्न रास्त आहे. २०२२ च्या अखेरीपासून माणसाच्या भाषेत सांगितलेले काम आज्ञावलीत उतरविणारी यंत्रे सर्वांच्या हाती आली, आणि २०२३-२४ या वर्षी देशातील मोठ्या संगणक कंपन्यांतील एकूण नोकरवर्ग वाढण्याऐवजी घटला. विमा-कारकुनांची १९६५ सालची भीती आता अभियंत्यांच्या दारी आली आहे. यापूर्वीही २००१ मध्ये व २००८ नंतर अशी ओहोटी आली होती व ओसरलीही. या खेपेस काय होईल, हे मी त्यांना सांगू शकलो नाही. एवढे सांगितले की, ज्याने केवळ एखादी संगणकभाषा पाठ केली त्याचे काम यंत्र आधी घेईल. दहा पावलांत नाव का सापडते हे ज्याला उमगले, त्याला यंत्राची चूक पकडता येईल. ते म्हणाले, “म्हंजे गणित आलं पायजे.” मी म्हटले, होय.

समितीचा निर्णय अखेर असा झाला : लॅपटॉप मंडळाने विकत घ्यावा, तो मंडळाच्या मालकीचा राहावा, मुलीने चार वर्षे वापरावा व पुढे तो चालू स्थितीत असल्यास नंतरच्या विद्यार्थ्यास द्यावा. जाण्यायेण्याच्या खर्चाची तरतूद तीन सभासदांनी आपसांत वाटून घेतली. वह्या-पुस्तकांचे वाटप पूर्ववत झाले. त्यासाठी या वर्षी समारंभातील भोजनाचा एक पदार्थ कमी करण्यात आला, त्याबद्दल काही मंडळींनी नाराजी दर्शविली, तीही येथे नमूद करतो. मंडळाच्या मालमत्ता-नोंदवहीत सतरंज्या व पितळी भांडी यांच्या खाली आता लॅपटॉपची नोंद आहे.

दिवाळीत मुलगी भेटावयास आली होती. पहिले सत्र कसे चालले आहे म्हणून विचारले, तर तिने दोन्ही तळहात पुढे केले. बोटांच्या मुळाशी घट्टे पडले होते. प्रथम वर्षाच्या सर्व शाखांना कार्यशाळा सक्तीची असते. तिला लोखंडाचा चौकोनी तुकडा कानशीने घासून काटकोनात आणावयाचा होता, आणि तो दोनदा नापास झाला होता. “सर, कॉम्प्युटर पुढल्या सत्रात म्हणतात,” ती म्हणाली, आणि पिशवीतून तो तुकडा काढून टेबलावर ठेवला. मी पट्टी व गुण्या आणून तपासला. तिसऱ्या खेपेस काटकोन बरोबर आला होता.